तिसऱ्या नावाची जागा

मित्रांनो, जुने धनुष्य कसे ओळखायचे ते आधी सांगतो. त्याची दोरी उतरवून पाहा. तरुण धनुष्य लगेच सरळ होते. जुने मात्र दोरी काढली तरी वाकलेलेच राहते. मी असेच एक जुने धनुष्य आहे. माझ्या पाठीला हा बाक वयामुळे आलेला नाही. तो कशामुळे आला, तेच आज मला तुम्हाला सांगायचे आहे. सांगताना मध्येच मी गप्प झालो तर समजून घ्या. लाकूड असलो तरी मी दगड नाही.

माझा जन्म विस्कॉन्सिनमधल्या एका टेकडीवर झाला. तिथे हिकरी या चिवट लाकडाची झाडे होती, आणि त्यांतल्या एका उंच झाडाच्या पोटात मी होतो. टेकडीखाली हॅल्वर नावाचा शेतकरी राहत असे. तीस गाई, एक लाल गोठा आणि कमी बोलण्याची सवय, एवढी त्याची दौलत. ऐन थंडीत त्याने ते झाड पाडले, खोड उभे फोडले आणि त्यातली एक सरळ फळी गोठ्याच्या माळ्यावर वाळायला ठेवली. दोन वर्षे मी तिथे वाळत पडलो होतो. हॅल्वरचा शेजारी लेरॉय येता-जाता वर बघून विचारायचा,

"काय रे हॅल्वर, अंडी उबवायला ठेवलंयस का ते लाकूड?"

"घाईनं केलेलं धनुष्य घाईनं मोडतं," हॅल्वर म्हणायचा. त्याच्या मानाने हे भाषणच झाले.

मग एका हिवाळ्यात त्याने मला खाली उतरवले. आधी रंधा, मग कानस आणि शेवटी फुटक्या बाटलीची काच. काचेने तो मला इतका हलके खरवडायचा की भुशाऐवजी पीठ पडत असे. जुन्या बुटाचे चामडे कापून त्याने माझी मूठ मढवली. जवसाच्या धाग्याची दोरी वळली आणि तिला मेण चोळले. माझी दोरी पूर्ण ओढायला पन्नास पौंडांचा जोर लागे. पहिल्यांदा दोरी ओढली तेव्हा मी जो आवाज केला, तो ऐकून गोठ्यातल्या गाईंनी माना वर केल्या. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

त्या घराच्या काही रीती होत्या. त्या सांगितल्याशिवाय माझी गोष्ट कळायची नाही.

पहिली रीत नावाची. माझ्या मुठीच्या वर, आतल्या बाजूला, जो कुणी माझ्यावरून बाण सोडून आयुष्यातले पहिले हरीण आणील त्याचे नाव पेन्सिलने लिहायचे आणि वरून जवसाचे तेल चोळायचे. फक्त पहिले हरीण. दुसऱ्या, तिसऱ्याला नाव नाही. आणि हे नाव स्वतः लिहायचे नसते, ज्याने शिकवले त्याने लिहायचे असते.

दुसरी रीत ताटाची. शिकारी रानातून परतल्याशिवाय घरात कुणी जेवायचे नाही. तो परतला की हरणाचे काळीज कांदा घालून लोण्यात परतायचे. ज्या बाणाने शिकार झाली तो न पुसता ताटाशेजारी ठेवायचा, आणि पहिला घास घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने घ्यायचा. ज्या हरणाने जीव दिला त्याला कुणी मारले, हे ताटावर बसलेल्याला कळले पाहिजे, असे हॅल्वरचे म्हणणे होते.

आणि तिसरी रीत माझ्यासाठी. काम झाले की दोरी उतरवायची. बूट काढण्याआधी, पाणी पिण्याआधी. ताणलेले धनुष्य तसेच टांगून ठेवले तर त्याचे लाकूड थकते, आणि थकलेले लाकूड पुन्हा सरळ होत नाही.

माझ्यावर पहिले नाव हॅल्वरचे पडले. त्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी ते लिहिले. दुसरे नाव त्याच्या मुलाचे, आर्लनचे. ते लिहिताना हॅल्वरने पेन्सिलला तीनदा टोक केले होते. त्याखाली त्याने बोटाने जागा मोजली आणि म्हणाला, "ही आर्लनच्या पोराची."

आर्लन आणि मी, काय दिवस होते ते. वाळलेल्या पानांवरून तो चालायचा तर पान वाजत नसे. एकोणीस हरणे आम्ही आणली. प्रत्येकाजवळ बसून तो आधी टोपी काढायचा. मित्रांनो, मी जीव घेणारी वस्तू आहे, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पण ज्या हातात मी होतो, त्या हाताने ते कधी हसत केले नाही. लेरॉयने पुढे दोन्ही टोकांना चाके लावलेले नवे धनुष्य विकत आणले आणि मला दाखवून आर्लनला म्हणाला, "आता ती काठी टाक चुलीत." आर्लन म्हणाला, "तुझी सायकल पंक्चर झाली की माझी काठी मागायला येशील." मी आठवडाभर खुश होतो.

मग आर्लनने मिलवॉकी शहरातून बायको आणली. तिचे नाव कोरिन. शहरात वाढलेली, जोरात हसणारी, गाईला घाबरणारी मुलगी. सासऱ्याला ती 'बाबा' म्हणायची, आणि तो तिला काहीच म्हणायचा नाही, नुसता तिच्या ताटात जास्त बटाटे वाढायचा. त्यांना मूल झाले नाही. माझ्यावरची तिसरी जागा तशीच राहिली आणि तिच्याबद्दल घरात कुणी बोलेनासे झाले.

आता जे सांगायचे आहे ते मी लवकर सांगून टाकतो.

ऑक्टोबरातली सकाळ होती, दव गोठले होते. झाडावरच्या मचाणावर चढताना धनुष्य हातात घ्यायचे नसते. ते दोरखंडाला बांधून खाली ठेवतात आणि वर पोहोचल्यावर ओढून घेतात. त्याप्रमाणे आर्लनने मला बांधले, दोरी चढवलेली होती, आणि तो चढू लागला. वरून चौथी पायरी निसटली. ती पायरी हॅल्वरने ठोकलेली होती. आर्लन माझ्या शेजारी पडला आणि उठला नाही. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो आणि मला हाक मारता येत नव्हती.

त्या संध्याकाळी ताट वाट बघत राहिले. शेवटी हॅल्वरच कंदील घेऊन रानात आला.

मला घरी आणून त्याने स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगले, आहे तसे, दोरीसकट आणि त्या दोरखंडाच्या गाठीसकट. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझी दोरी उतरवली नाही. ती आर्लनने चढवलेली दोरी होती, म्हणून त्याचा हात धजला नाही. मला ते समजत होते. पण समजून लाकडाचा ताण कमी होत नाही. दिवसामागून दिवस मी ताणलेला लटकत राहिलो. मुठीच्या वर, नावांवरच कुंभारमाशीने मातीचे घर केले. कोरिन आठवड्यातून एकदा फडके मारायची, पण माझ्या आजूबाजूने. दोन वर्षे मला कुणाचा हात लागला नाही.

कोरिनला माहेरून सारखे बोलावणे येत होते. ती गेली नाही. "बाबांचं कोण आहे इथं?" एवढेच ती फोनवर म्हणायची. तिने गाई विकायला लावल्या, गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम धरले आणि संध्याकाळी सासऱ्यासमोर ताट ठेवत राहिली.

मग हॅल्वरच्या डोक्याचा धागा सुटू लागला. सकाळी तो चांगला असायचा. कॉफी करायचा, हवामान सांगायचा, लेकाच्या थडग्यावर जाऊन यायचा. पण दिवस कलला की खिडकीशी जाऊन उभा राहायचा आणि विचारायचा,

"आर्लन आला नाही अजून?"

पहिल्यांदा कोरिनने खरे सांगितले. "बाबा, आर्लन गेला. दोन वर्षं झाली." ते ऐकून तो म्हातारा जसा खाली बसला, ते मी भिंतीवरून पाहिले. त्याला ती बातमी नवी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न आणि तीच नवी बातमी. "कुठली पायरी?" असेही तो विचारायचा, आणि तिने उत्तर दिले नाही तरी त्याला ते कळायचे. आठ संध्याकाळी तो आपल्या मुलाला मुकला. नवव्या संध्याकाळी कोरिन म्हणाली, "अजून रानात आहे, बाबा. येईल."

"मग हरणाला बाण लागलाय," हॅल्वर समाधानाने म्हणाला. "लागल्यावर मागं पळायचं नसतं. थांबायचं असतं. शिकवलंय मी त्याला."

आणि त्याने ताट बाजूला सारले. शिकारी परतल्याशिवाय जेवायचे नाही.

कोरिनने आपल्या परीने सोय केली होती, पण ती त्या घराच्या रीतीवर आपटली. दुपारी तो चार घास खायचा, रात्री काहीच नाही. ऑक्टोबर लागला तेव्हा त्याचा पट्टा दोन भोके आत गेला होता. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळचे जेवण सुरू झाले नाही तर हा माणूस हिवाळा काढणार नाही.

त्या रविवारी सकाळी कोरिनने खुर्ची ओढली, वर चढली आणि मला खिळ्यावरून काढले.

हॅल्वर कॉफी पीत होता. त्याने कप खाली ठेवला. "काय करतेस?"

"मला शिकवा, बाबा."

"तुला? तू अजून कोंबडी धरताना डोळे मिटतेस."

"धनुष्य धरताना उघडे ठेवीन."

त्याने माझ्याकडे पाहिले, खरे तर दोरीकडे. मग म्हणाला, "पहिला धडा दोरी उतरवायचा. तो माझ्यानं व्हायचा नाही, पोरी. तूच उतरव."

त्याने सांगितले तसा तिने माझा खालचा शेंडा बुटाला टेकवला, गुडघ्याने मला दाबले आणि आर्लनने चढवलेली दोरी खाचेतून सोडवली. मित्रांनो, दोन वर्षांनी माझे अंग मोकळे झाले. पण मी सरळ झालो नाही. हॅल्वरने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला माझा बाक लागला.

"चूक माझी," तो म्हणाला. "याचा जोर गेला. पन्नासाचं चाळीस झालं असेल."

मग कोरिनने नवी दोरी चढवून मला ओढले, आणि मी तिच्याकडून ओढला गेलो. पन्नास पौंड तिला कधीच झेपले नसते. माझी जी हेळसांड झाली होती, तिच्यामुळेच मी तिच्या हाताला आलो. या गोष्टीवर हसावे की रडावे, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

रोज सकाळी गोठ्यात गवताच्या गठ्ठ्यांवर सराव सुरू झाला. हॅल्वर पालथ्या बादलीवर बसायचा. संध्याकाळ विसरणारा तो माणूस, पण बाणाबद्दल त्याची एकही गोष्ट चुकायची नाही.

"कोपर बाहेर फिरव. आत ठेवलंस तर दोरी हाताला चाटून जाईल."

दोरी तिच्या डाव्या हातावर सपकन बसायची, आणि कोपरापासून मनगटापर्यंत निळा पट्टा उठायचा.

"सांगितलं होतं," हॅल्वर म्हणायचा. "शहरात कान नसतात का लोकांना?"

"असतात. पण तुमच्यासारखं बोलणारं कुणी नसतं, म्हणून सवय नाही."

मग तो डुकराच्या चरबीचा डबा आणून तिच्या हाताला चरबी चोळायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लेरॉय गोठ्याच्या दाराला टेकून बघायचा आणि म्हणायचा, "हॅल्वर, गठ्ठ्याला काही धोका नाही, पण माझ्या गाई जरा आत बांधतो."

एका सकाळी हॅल्वरने माझ्या मुठीवरचे मातीचे घर खरवडून काढले. खालची नावे त्याने वाचली. तिसऱ्या जागेवर त्याचे बोट थांबले.

"ही जागा तुझी," तो म्हणाला. "आण हरीण. नाव मी लिहितो."

कोरिन उठून गठ्ठ्यातले बाण काढायला गेली आणि बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. त्या घरात इतक्या वर्षांत तिला मिळालेली ती पहिली स्वतःची जागा होती. तिला ती हवी होती, अगदी मनापासून. पण सासऱ्याच्या सकाळीही आता आखूड होऊ लागल्या होत्या, हे तिला दिसत होते. आधी त्या दुपारपर्यंत टिकायच्या. नोव्हेंबरात कॉफी संपेपर्यंत टिकू लागल्या.

नोव्हेंबरात बंदुकीच्या शिकारीचा हंगाम आला आणि लेरॉयने हरीण मारले. त्याला वाटले, आपण गुंता सोडवू. संध्याकाळी तो पातेल्यात काळीज घेऊन आला. कोरिनने ते लोण्यात परतले. लेरॉयने ताटाशेजारी एक रक्त लावलेला बाण ठेवला आणि म्हणाला, "घे, हॅल्वर. आर्लननं पाठवलंय. तो येतोय मागून."

हॅल्वरने घास उचलला नाही. बाण उचलला.

"हा तुझा बाण आहे. पत्र्याचा."

"आर्लननं उसना घेतला होता."

"आर्लनचा बाण लाकडाचा असतो. तीन पिसं, त्यातलं एक लाल." त्याने बाण खाली ठेवला. "माझं डोकं गेलंय लेरॉय, डोळे नाही गेलेत."

ताट बाजूला सरले. लेरॉय अंगणात जाऊन आपल्या गाडीत नुसताच बसून राहिला.

डिसेंबर लागला. धनुष्याच्या शिकारीच्या हंगामाचे शेवटचे दिवस उरले होते. बर्फ पडून गेला होता आणि थंडी कडक होती. शनिवारी पहाटे कोरिनने आर्लनची जुनी टोपी घातली, मला घेतले आणि टेकडीमागच्या देवदारांत गेली. मचाणावर ती कधीच चढली नाही. पडलेल्या ओकच्या खोडामागे बसली. घरी हॅल्वरजवळ लेरॉय होता.

उजाडल्यानंतर तासाभराने हरणाची एक मादी आली, एकटीच. बर्फ उकरत, थांबत, कान फिरवत. कोरिनने कोटाची डावी बाही आधीच काढून ठेवली होती, कारण जाड बाहीला दोरी अडकते. बारा पावलांवर हरीण आडवे उभे राहिले. तिने मला ओढले. तिने डोळे उघडे ठेवले.

पण कोपर आत राहिले. दोरी हाताला चाटून गेली आणि बाण चार बोटे मागे लागला.

मादी उडी मारून देवदारांत गेली. कोरिन उभी राहिली, धावायला निघाली आणि थबकली. बाण आरपार जाऊन बर्फात रुतला होता. तिने तो उचलून पाहिला. रक्त गडद होते, जवळजवळ काळे. बादलीवर बसून हॅल्वरने शंभरदा सांगितले होते, रक्त लाल आणि फेसाळ असेल तर अर्धा तास थांब. गडद असेल तर बाण यकृतात लागला, चार तास थांब. मागे गेलीस तर ती पळत राहील, कोसभर पळेल, तडफडेल आणि तुला सापडणार नाही. थांबलीस तर जवळच आडवी होईल. थांबणं हीच तिच्यावर दया.

ती पुन्हा खोडामागे बसली. बूट काढले नव्हते, पाणी प्यायली नव्हती, पण तिने आधी माझी दोरी उतरवली. मग मला मांडीवर घेतले.

चार तास, मित्रांनो. पलीकडे एक जीव जात होता आणि अलीकडे आम्ही बसलो होतो. पहिल्या तासात ती नुसती घड्याळ बघत होती. मग तिच्या तोंडून निघाले, "सॉरी गं." कोणाला म्हणाली, ते मला नीटसे कळले नाही. आणि मग ती रडू लागली. आर्लन गेला त्या दिवशी ती सासऱ्याला सांभाळत होती. पुढे रोज संध्याकाळी सासऱ्याला मुलगा गेल्याचे दुःख व्हायचे आणि ती त्याला सावरायची. त्या घरात रडण्याची तिची पाळी कधी आलीच नव्हती. ती तिथे बर्फात आली. आर्लनच्या टोपीत तोंड खुपसून ती रडली, आणि मुठीच्या चामड्यावर जे पडत होते त्याने मी ओला झालो. तिला जवळ घ्यायला मला हात हवे होते.

दुपारी ती रक्ताच्या मागावर गेली. मादी शंभर पावलांवर एका देवदाराखाली होती, पाय दुमडून, झोपल्यासारखी. बर्फावर कुठे तडफडल्याची खूण नव्हती. कोरिन तिच्याजवळ बसली आणि तिने टोपी काढली. हे तिला कुणी शिकवले नव्हते.

ती अजून परतली नाही, तेव्हा लेरॉयने आपल्या बायकोला हॅल्वरजवळ बसवले आणि बर्फातल्या तिच्या पावलांवरून तो घसरगाडी ओढत आला. हरीण बघून तो म्हणाला, "कोपर आत ठेवलंस ना?"

"हो."

"दिसतंय." मग त्याने नाक पुसले आणि तिच्या पाठीवर थाप मारली. "शहरातली पोरगी. आता गाईला पण घाबरू नकोस म्हणजे झालं."

संध्याकाळी स्वयंपाकघरात लोणी तडतडले. कांदा पडला, काळीज पडले. ताटाशेजारी कोरिनने लाकडाचा बाण ठेवला, न पुसलेला, एक पीस लाल असलेला. मी टेबलावर होतो. हॅल्वर खिडकीतून वळला आणि खुर्चीवर बसला. त्याने बाण उचलला, दिव्यापाशी धरला, पिसाला हात लावला.

"आमचा बाण," तो म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला की मी तो चेहरा चौदा वर्षांच्या आर्लनने पहिले हरीण आणले त्यानंतर पाहिला नव्हता. "पेन्सिल आण, पोरी. नाव लिहायला हवं."

कोरिनने ड्रॉवरमधून पेन्सिल आणली. हॅल्वरने मला जवळ ओढले, नावांवर बोट फिरवले आणि थांबला.

"आर्लनचं तर इथं आहेच." त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. "मग हे हरीण कुणाचं?"

लेरॉय भिंतीशी उभा होता. तो हळूच म्हणाला, "सांग त्याला, कोरिन. तुझं आहे ते."

तिने तोंड उघडले. मी श्वास रोखला, म्हणजे लाकूड जेवढा रोखू शकते तेवढा. 'माझं' म्हणायला तिला किती हवे होते, ते मला तिच्या हातांवरून कळत होते. पण ते म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग आर्लन कुठे आहे? ताटात घास वाफाळत होता आणि म्हाताऱ्याने तो अजून उचलला नव्हता.

"आर्लनचंच, बाबा," ती म्हणाली. "त्याचं विसावं. तो गोठ्यात हात धुतोय. तुम्ही सुरू करा म्हणालाय."

"विसाव्याला नाव नसतं," हॅल्वर म्हणाला आणि त्याने पेन्सिल खाली ठेवली.

मग तो जेवला. सगळे काळीज, चार बटाटे, वर ब्रेडने ताट पुसून घेतले. "त्याला सांग," जेवता जेवता तो म्हणाला, "बाण जरा मागं लागला. पण थांबला, हे बरं केलं."

"सांगते."

लेरॉय बाहेर निघून गेला. कोरिन भांडी घासू लागली. मला ठाऊक होते ती काय धरून आहे. सकाळ. सकाळी तो शुद्धीवर असेल, सगळे सांगता येईल, आणि तो स्वतःच्या हाताने लिहील. तिने मला खिळ्याला टांगले नाही. पेन्सिल आणि मी, दोघांना टेबलावर शेजारी ठेवून ती झोपायला गेली.

सकाळी ती लवकर उठली. केस विंचरले, कॉफी केली, बाह्या वर सारून, पेन्सिल हातात घेऊन माझ्याजवळ उभी राहिली. हॅल्वर आला. रात्रीच्या जेवणाने त्याच्या गालांवर रंग होता. त्याने तिच्याकडे पाहिले आणि अदबीने खुर्ची ओढून दिली.

"बसा ना, बाई. एवढ्या बर्फातून कुठून आलात?"

कोरिन बसली नाही. तिच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली.

मग त्याची नजर तिच्या डाव्या हातावर गेली. निळा पट्टा ताजा होता. तो उठला, फळीवरून चरबीचा डबा काढला आणि समोर बसून तिच्या हाताला चरबी चोळू लागला.

"दोरीनं लागलंय," तो म्हणाला. "नव्यानं शिकताय वाटतं. कोपर बाहेर फिरवा, मग लागायचं नाही. माझी सून अशीच आहे. रोज सांगतो, रोज विसरते."

"हो?" कोरिन म्हणाली.

"शहरातली आहे. पण चिवट. आमचा पोरगा गेला ना, तर आम्हाला वाटलं जाईल माहेरी. गेली नाही. या हंगामात हरीण आणणार ती, बघा तुम्ही." त्याने माझ्याकडे हात केला. "तिच्या नावाची जागा ठेवलीय मी तिथं. पण तिला सांगू नका. डोक्यावर बसेल."

"नाही सांगणार," कोरिन म्हणाली.

मित्रांनो, त्या क्षणी मला दोन तुकडे होऊन पडावेसे वाटले. पेन्सिल तिच्या हातात होती, जागा माझ्या अंगावर होती, शिकवणारा समोर बसला होता आणि ती त्याच्यासमोर असूनही तिथे नव्हती. तो तिची वाट बघत होता.

त्यानंतर चांगली सकाळ आली नाही. हरणाचे मांस एप्रिलपर्यंत पुरले. रोज संध्याकाळी 'आर्लननं आणलेलं' म्हणून तो पोटभर जेवायचा, आणि रोज सकाळी पाहुण्या बाईला आपल्या सुनेबद्दल सांगायचा. बर्फ वितळून चिखल झाला तेव्हा तो झोपेतच गेला, भुकेला नाही गेला.

लेरॉय एकदा म्हणाला, "आण ते धनुष्य. मी लिहितो तुझं नाव."

"शिकवलं बाबांनी," कोरिन म्हणाली. "तुम्ही फक्त गाई आत बांधल्यात."

त्याने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. माझ्यावर आजही दोनच नावे आहेत. तिसऱ्या जागेवर काही लिहिलेले नाही, पण तिथले लाकूड सगळ्यात गुळगुळीत झाले आहे, कारण रानातून परतली की ती आधी माझी दोरी उतरवते आणि मग तिथे अंगठा फिरवते. कोपर आता बाहेर असते.

तिने त्या संध्याकाळी चूक केली, असे मी म्हणणार नाही. म्हाताऱ्याच्या एका घासासाठी तिने आपले नाव दिले. असे दान मी दुसरे पाहिले नाही. मी एक बाक आलेले लाकूड, मी काय शिकवणार? पण माझे दोन शब्द ऐका. तुमच्याकडे काही ताणून ठेवलेले असेल, वस्तू असो की माणूस, तर काम झाल्यावर त्याची दोरी उतरवा. कितीही दुःख असले तरी ते तसेच टांगून ठेवू नका. आणि कुणाचे नाव लिहायचे तुमच्या मनात असेल, तर ते आजच लिहा. हॅल्वरनेही सकाळी लिहिले असते. त्याला फक्त एक सकाळ कमी पडली.